हरळी, लव्हाळा आणि कुंदा: तणनाशकाविना धान्यशेती

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आजच्या व्याख्यानाची सूचना गेली तेव्हा दोघा-तिघांनी ती घाईत वाचली. 'तणावर व्याख्यान' याचं त्यांनी 'तणावावर व्याख्यान' केलं, आणि मन:शांतीचे उपाय ऐकायला ते आलेत. त्यांना निराश करावं लागेल. पण पूर्ण नाही, कारण ज्याच्या शेतात हरळी शिरली आहे त्याला तण आणि तणाव यांतला फरक फारसा जाणवत नाही.

दुसरा खुलासा माझ्याबद्दल. मी कृषितज्ज्ञ नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर सोलापूर जिल्ह्यातली वडिलोपार्जित चार एकर काळी जमीन पुतण्याबरोबर कसायला घेतली आणि ठरवलं, रासायनिक खत नाही, तणनाशक नाही. ठरवायला एक संध्याकाळ पुरली. निभावताना काय चुकलं, त्यातून काय वाचलं, काय समजलं, ते आज सांगणार आहे. रब्बी ज्वारी आणि थोडा गहू, एवढाच माझा अनुभव. तेव्हा बोलणं धान्यपिकांपुरतंच ठेवतो.

आधी चूक सांगतो

आमच्या शेताच्या उत्तरेच्या बांधाला हरळीचा एक पट्टा होता, रुंदीला चार-पाच हात. पहिल्याच वर्षी जुलैत पाऊस बरा झाला, वापसा आला, आणि मी भाड्याने रोटाव्हेटर आणून तो पट्टा बारीक करून टाकला. रान असं मऊ आणि स्वच्छ दिसायला लागलं की मी त्याचा फोटो काढून मित्रांना पाठवला.

खुरपायला येणाऱ्या एक मावशी बांधावर उभ्या होत्या. मशीन सुरू व्हायच्या आधी त्या म्हणाल्या होत्या, "सर, हिला तोडू नगा. हिचा तुकडा पडला की तिथं पोर उभं ऱ्हातंय." मी हसलो. सप्टेंबरपर्यंत त्या चार-पाच हातांच्या पट्ट्याने जवळजवळ तिसरा हिस्सा रान व्यापलं होतं. रोटाव्हेटरच्या पात्यांनी काशांचे हजारो तुकडे केले, ओल्या मातीत नीट पेरले आणि ट्रॅक्टरने ते पुढे ओढत नेले. एखाद्याने हरळीची लागवड करायची म्हटली असती तर याहून चांगली पद्धत सापडली नसती!

आता यात माझं नेमकं काय चुकलं? मेहनत कमी पडली का? नाही. यंत्र वाईट होतं का? तेही नाही. मी वरचं गवत म्हणजेच हरळी असं समजलो, चूक तिथे झाली. जे दिसतं त्याला मी वस्तू मानलं. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने ही चूक करावी हे जरा लाजिरवाणंच आहे.

वर्षायू आणि बहुवार्षिक

तणांचे ढोबळ दोन वर्ग करा. एक वर्षायू: बी पडतं, उगवतं, वाढतं, बी टाकून मरतं. गाजर गवत किंवा माठ या वर्गातले. यांच्याशी लढणं सरळ आहे. फुलावर यायच्या आधी काढलं की त्या झाडाची गोष्ट संपली. मातीत जुनं बी असतं, ते वर्षानुवर्षं उगवत राहतं, हे खरं. पण प्रत्येक रोप एकदाच मरतं.

दुसरा वर्ग बहुवार्षिक तणांचा. यांचा जीव जमिनीखाली असतो, आणि वर दिसतात ती त्या जिवाने अन्न मिळवायला पाठवलेली पानं. आमच्या काळ्या रानात या वर्गातले तीन मोठे मानकरी आहेत. तिघांचा स्वभाव वेगळा, म्हणून ओळख वेगवेगळी करून देतो.

पहिली हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच. वर्षातून एक दिवस आपण हिला शोधत फिरतो आणि उरलेले दिवस ती आपल्याला. ही दोन वाटांनी पसरते. जमिनीवरून धावणाऱ्या वेली, आणि जमिनीखालच्या पांढरट, टणक काशा. दोन्हींना पेरं असतात आणि जवळजवळ प्रत्येक पेरात नवा कोंब फुटायची ताकद असते. बोटाएवढा तुकडा पुरतो. हिची कमजोरी एकच, सावली. दाट सावलीत हरळी खंगते. आंब्याच्या गच्च झाडाखाली ती माजलेली तुम्हाला दिसणार नाही.

दुसरा लव्हाळा, म्हणजे नागरमोथा. पानं गवतासारखी, पण हे गवत नव्हे. फुलोऱ्याचा दांडा दोन बोटांत फिरवून पाहा, तो तिधारी लागतो. जमिनीखाली बारीक तारेसारख्या दोऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या काळ्या, सुगंधी गाठी असतात. बी तो क्वचितच रुजवतो, सगळा संसार गाठींवर. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची यादी १९७७ साली एका प्रसिद्ध ग्रंथात आली, तिच्यात पहिला क्रमांक याचाच होता. तुकोबांनी लव्हाळ्याची नम्रता सांगितली, ती आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण शेतकऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की शेतातला लव्हाळा नुसता वाकून वाचत नाही. त्याने खाली ठेव ठेवलेली असते.

या गाठींचं एक वैशिष्ट्य आहे. माळ अखंड असते तेव्हा टोकाची गाठ जोरात फुटते आणि मधल्या गाठी बऱ्याचशा झोपलेल्या राहतात. थोरल्या भावाने घर चालवावं आणि धाकट्यांनी पडून राहावं, तसं. माळ तोडलीत की थोरल्याचा वचक गेला, आणि झोपलेले सगळे उठून बसतात. म्हणून एकदाच नांगरून सोडून दिलेल्या रानात लव्हाळा वाढल्यासारखा वाटतो. तो वाटत नाही, खरंच वाढतो.

तिसरा कुंदा. हा खास भारी काळ्या जमिनीचा रहिवासी. त्याच्या काशा जाड, चिवट आणि खोल. बैलाचा नांगर त्यात अडकायचा, म्हणून आमच्या आजोबांच्या वेळी उन्हाळ्यात माणसं लावून कुंदा खणून काढत. कुंद्याचं रान म्हटलं की जमिनीचा भाव उतरायचा.

आता इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा. ज्वारीत अ‍ॅट्राझिनसारखी जी तणनाशकं वापरतात, ती मुख्यतः बियांपासून उगवणाऱ्या तणांवर चालतात. गाठीतून किंवा काशीतून येणारा कोंब त्यांना बराचसा चुकवतो. म्हणजे रासायनिक शेती करणाऱ्यालाही या तिघांचा प्रश्न सुटलेला नसतो. सेंद्रियवाल्यांनी न्यूनगंड बाळगायचं कारण नाही, आणि गर्व करायचंही नाही.

ठेव, खर्च आणि वेळ

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. काशीत किंवा गाठीत पिठूळ अन्न साठवलेलं असतं. तिला बँकेतली ठेव म्हणा. कोंब फुटतो तेव्हा पहिली पानं तयार करायचा खर्च या ठेवीतून होतो. पान लहान असतं तोवर ते कमावत नाही, खातं. ठेव उतरत जाते. मग एक क्षण असा येतो की पानं स्वतःपुरतं कमावू लागतात. त्यानंतर प्रवाह उलटतो, वरून खाली भरणा सुरू होतो, आणि पुढे नवीन काशा, नवीन गाठी तयार होतात.

हा उलटायचा क्षण उत्तर युरोपात फार बारकाईने अभ्यासला गेला आहे, कारण तिथल्या गहू-जवाच्या सेंद्रिय शेतांतही हाच प्रश्न आहे. तिकडे हरळीच्या जागी काउच ग्रास नावाचं काशांचं गवत आहे, आणि खोल मुळांचं एक काटेरी तण आहे. काउच ग्रासची ठेव सर्वांत कमी असते ती कोंबाला तीन-चार पानं आलेली असताना. काटेरी तणाची ठेव आठ-दहा पानांच्या सुमाराला. म्हणजे प्रत्येक तणाचा क्षण वेगळा, पण क्षण असतो हे नक्की.

यातून काय निघतं? फार लवकर कापलंत तर ठेव अजून शिल्लक असते. उशिरा कापलंत तर ती पुन्हा भरलेली असते. तीन-चार पानांवर कापलंत तर तण जास्तीत जास्त खर्चात पडतं. आणि एकदा कापून भागत नाही. पुन्हा फुटेल, पुन्हा तीन-चार पानं येतील, पुन्हा कापा. प्रत्येक वेळी ठेव खाली जाते. लव्हाळ्याच्या बाबतीत उगवण झाल्यापासून साधारण तीन ते चार आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात, म्हणून दोन पाळ्यांमधलं अंतर दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही.

म्हणून मी म्हणतो, बहुवार्षिक तण मारायचं नसतं, उपाशी ठेवायचं असतं. मारायला जोर लागतो. उपाशी ठेवायला पंचांग लागतं.

चार अवस्था

इथे माझा जुना विषय मध्ये आणतो, रागावू नका. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात क्लेशांचा विचार आहे. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. पतंजली अविद्येला बाकीच्या चारांचं 'क्षेत्र' म्हणतो. क्षेत्र म्हणजे शेत. आणि त्या शेतात हे क्लेश चार अवस्थांत असतात असं सांगतो: प्रसुप्त, तनू, विच्छिन्न आणि उदार. कितीतरी वर्षं हे मी फळ्यावर लिहिलं. अर्थ कळला तो बांधावर बसल्यावर.

प्रसुप्त म्हणजे झोपलेलं: माळेतली मधली गाठ. तनू म्हणजे रोडावलेलं: वारंवार कापून ठेव उतरलेली काशी. विच्छिन्न म्हणजे दुसऱ्या कशाने तरी दाबून ठेवलेलं: पिकाच्या सावलीत थांबलेली हरळी. आणि उदार म्हणजे पूर्ण माजलेलं, माझ्या रोटाव्हेटरनंतरचं रान. व्यासभाष्यात पाचवी अवस्थाही येते, भाजलेल्या बीजाची. दिसायला बी, पण उगवण्याची शक्ती गेलेली.

शेतकऱ्याला याचा व्यवहारात उपयोग असा: आपल्या हातात वर्षातून कोणत्या महिन्यात कोणती अवस्था आणता येते, ते ठरवायचं. तसंच वर्ष मांडून दाखवतो.

उन्हाळा: भाजलेलं बीज

युरोपातल्या शेतकऱ्याकडे नाही अशी एक गोष्ट आपल्याकडे आहे, चैत्र-वैशाखाचं ऊन. रब्बी ज्वारी निघाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमिनीत थोडी ओल आहे तोवर, खोल नांगरट करायची. ढेकळं उलथी पडली पाहिजेत. वर उघडी पडलेली लव्हाळ्याची गाठ किंवा हरळीची काशी कडक उन्हात काही दिवसांत वाळून मरते. पण ढेकळाच्या पोटातली आठवडेच्या आठवडे तग धरते. म्हणून एप्रिलमध्ये आडवी नांगरट, मग कुळवाची पाळी, आणि वर आलेल्या काशा वेचून काढणं. कुंद्याला तर खोल नांगरटीशिवाय हातच लागत नाही, आणि नांगराच्या खाली राहिलेल्याला डाग-डाग बघून कुदळीनेच काढावं लागतं.

वेचलेल्या काशांचं काय करायचं? बांधावर टाकायच्या नाहीत. उकिरड्यात तर मुळीच नाही, नाहीतर पुढच्या वर्षी शेणखतातून त्याच परत येतात. खडकावर किंवा कोरड्या खळ्यावर पसरून खडखडीत वाळवायच्या.

आणि इथे एक गंमत सांगतो. मे महिन्याच्या वाळलेल्या रानात काशीचे तुकडे झाले तर ते लवकर वाळतात. जुलैच्या ओल्या रानात तेच तुकडे लवकर रुजतात. यंत्र तेच, परिणाम उलट. तेव्हा 'रोटाव्हेटर चांगला की वाईट' हा प्रश्नच अपुरा आहे, 'केव्हा' हे त्यात आल्याशिवाय.

नुसत्या जोराने भागत नाही याची मोठी आठवण देशाच्या इतिहासातही आहे. मध्य भारतात कांस नावाच्या खोल काशांच्या गवताने फार मोठं क्षेत्र पडीक पाडलं होतं. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला जी अगदी सुरुवातीची कर्जं दिली, त्यांतलं एक, १ कोटी डॉलरचं, मुख्यतः ही कांस काढायच्या ट्रॅक्टर आणि यंत्रांसाठी होतं. एका गवतासाठी आंतरराष्ट्रीय कर्ज! नांगराची ती पहिली खोल धडक आवश्यक होती, यात शंका नाही. पण धडकेनंतर त्या रानात दरवर्षी पीक उभं राहणार की नाही, वेळेवर पाळी पडणार की नाही, हे कर्जाने ठरत नाही. ते शेतकऱ्याच्या रोजच्या येण्याजाण्याने ठरतं.

पावसाळा: रोडावणं आणि दाबणं

आमच्याकडे खरिपात रान मोकळं ठेवून पाळ्या घालायची आणि सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे ज्वारी पेरायची, अशी जुनी रीत आहे. जून ते सप्टेंबर दर दोन-तीन आठवड्यांनी वापशावर कुळव फिरवला तर तण तनू होतं, हे खरंच. पण याची किंमत आहे. उघड्या रानावर पाऊस आपटतो आणि माती वाहून जाते. तण गेलं आणि माती गेली, तर काय कमावलं?

म्हणून आम्ही मधली वाट धरली. जूनच्या पावसावर दाट ताग पेरायचा. दाट म्हणजे खाली ऊन पडता कामा नये. ताग झपाट्याने उंच होतो, हरळी आणि लव्हाळा दोघांनाही सावली सोसत नाही, ते विच्छिन्न होतात. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, फुलावर येताना, ताग गाडायचा. मग पेरणीपर्यंत महिना-सव्वा महिना मिळतो. त्यात उगवलेल्या तणावर तीन-चार पानांच्या बेताने दोन पाळ्या. म्हणजे आधी दाबलं, मग रोडावलं. जिथे पाऊस उशिरा येतो तिथे तागाऐवजी मूग किंवा उडीद घेऊन थोडं उत्पन्नही पदरात पडतं, पण त्यांची सावली तागाएवढी गच्च नसते.

पाळी घालताना एक पथ्य. स्वच्छ रानात आधी कुळव चालवायचा, तणाचा डाग शेवटी. बाहेर पडण्यापूर्वी कुळवाची फास झाडून घ्यायची. नाहीतर आपणच गाठींची वाहतूक करतो. आम्ही डागांभोवती काठ्या रोवतो आणि दरवर्षी वहीत नकाशा काढतो. डाग वाढला की घटला, हे डोळ्यांनी कळत नाही, वहीने कळतं.

रब्बी: पीक हाच मोठा खुरपणारा

रब्बी ज्वारी पंचेचाळीस सेंटिमीटरच्या ओळींत असते, त्यामुळे कोळपं चालतं. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करायची, ही आमच्याकडची शिफारस. पहिली फटीच्या कोळप्याने, दुसरी पासेच्या, तिसरी दातेरी. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' असं म्हणतात, कारण भेगा बुजतात आणि ओल राहते. तणाच्या बाजूने पाहिलंत तर पहिल्या दोन कोळपण्या बरोबर त्या उपाशी ठेवण्याच्या अंतरावर येतात. जुन्या लोकांना साठवलेल्या अन्नाचं रसायन ठाऊक नव्हतं, पण अंतर ठाऊक होतं.

थंडीही आपल्या बाजूने असते. हरळी आणि लव्हाळा ही उष्णतेची मुलं. डिसेंबरच्या गारठ्यात ती मंदावतात आणि ज्वारी, गहू वाढतात. तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकाला पुढे काढणं महत्त्वाचं. एकसारखी उगवण, नांग्या न पडणं. जिथे नांगी तिथे ऊन, जिथे ऊन तिथे लव्हाळा.

गव्हाचं मात्र वेगळं आहे. ओळी जवळजवळ, कोळपं घालायला जागा नाही, वर पाणी दिलेलं. लव्हाळ्याला हे सासर नव्हे, माहेर. म्हणून लव्हाळ्याचा डाग असलेल्या रानात आम्ही आधी दोन-तीन वर्षं ताग-ज्वारी फिरवतो आणि डाग आवरल्यावर मग गहू. बेवड बघून पीक घ्यावं असं म्हणतात, त्यात तणाचाही बेवड धरावा.

कुणाच्या पाठीवर?

आता ज्यासाठी मी हे व्याख्यान घ्यायचं कबूल केलं, त्या मुद्द्याकडे येतो.

रोटाव्हेटरच्या चुकीनंतर ती हरळी आवरली कुणी? मी नाही. मावशी आणि त्यांच्याबरोबरच्या चौघी जणींनी. दोन हंगाम, कंबरेत वाकून, खुरप्याने. मी बांधावर उभा राहून अभिमानाने सांगत होतो की आमच्या शेतात तणनाशक नाही. एके दिवशी मावशी उठताना गुडघ्यावर हात ठेवून तशाच थांबल्या, सरळ व्हायला त्यांना वेळ लागला. पुतण्या मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, औषध मारलं असतं तर निदान यांची पाठ वाचली असती." मला उत्तर देता आलं नाही. आजही तो प्रश्न मी उडवून लावू शकत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांनी आखूड दांड्याच्या खुरप्याविरुद्ध लढा दिला, आणि १९७५ साली तिथे त्या अवजाराचा वापर बंद झाला, कारण दिवसभर वाकून माणसं पाठीने कायमची अधू होत होती. पुढे २००४ साली हाताने तण उपटण्याच्या कामावरही तिथे निर्बंध आले. आणि त्या निर्बंधांतून सूट कुणाला मिळाली? सेंद्रिय शेतांना. हे वाचलं तेव्हा मला माझाच बांध दिसला.

'सेंद्रिय' या शब्दाची व्याख्या आपण काय वापरलं नाही यावरून करतो. हे नाही, ते नाही. पण तणनाशकाची जागा रिकामी राहत नाही. ती कुणीतरी भरतं. ती जागा जर कमी मजुरीत वाकणाऱ्या बाईच्या पाठीने भरली, तर जमीन विषमुक्त झाली असेल, शेती नैतिक झाली असं मी म्हणणार नाही.

मग आम्ही मोजमाप बदललं. हेक्टरी किती तण, हे मोजणं सोडलं. दर हंगामात खुरपणीचे किती दिवस लागले, हे वहीत लिहायला लागलो. उन्हाळ्याची नांगरट, ताग, वेळेवरच्या पाळ्या, हे सगळं करायचं ते खुरपणीचे दिवस कमी व्हावेत म्हणून. उभ्याने चालवायचं सायकल कोळपं आणलं. मावशींना आधी ते बायकी काम नाही असं वाटलं, मग त्यांनीच आम्हाला त्याची पास कशी वाकवायची ते शिकवलं. पाचव्या वर्षी वहीतले दिवस पहिल्या वर्षाच्या निम्म्याहून खाली आले. हरळी गेली का? नाही. उत्तरेच्या बांधाला ती आहे. पण ज्वारीत ती आता रोडावलेली आहे. पुतण्या अजून माझ्याशी पूर्ण सहमत नाही, पण फवारणी पंपाचा विषय त्याने दोन वर्षांत काढलेला नाही.

दोन प्रश्न

व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी दोन घेतो.

एक जण विचारतात, मीठ, व्हिनेगर किंवा गोमूत्राची फवारणी करून हरळी मरते का? पानं करपतात. पण आता तुम्हीच सांगा, पान करपलं म्हणजे ठेव संपली का? ते फक्त एकदा कापल्यासारखं आहे. आणि मिठाने जमीन बिघडते. तण काढायला शेत खारवू नका.

दुसरा प्रश्न: नागरमोथा औषधी आहे, मग गाठी खणून विकल्या तर? जरूर विका. उन्हाळ्यात वेचलेल्या गाठी वाळवून विकल्यात तर वेचणाऱ्यांची मजुरी तरी निघेल. फक्त विकण्यासाठी म्हणून तो राखायला लागू नका. विकण्याच्या नादात ठेव वाढवून बसाल.

जाता जाता एवढंच. उद्या रानात गेलात तर हरळीचा एक कोंब घ्या आणि त्याची पानं मोजा. तीन किंवा चार असतील, तर आजचाच दिवस आहे. घरी जाऊन चहा घेऊ आणि उद्या बघू, असं करू नका. तो उद्या हरळीचा असतो.